कर कोणाचा, अनुदान कोणाला?

पर्यावरण वाचवायचे असेल तर कर आणि अनुदाने यांची फेररचना केली पाहिजे, असे जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी गेली अनेक वर्षे सांगत आहेत. जो हवा आणि पाणी नासवतो त्याच्यावर कर लावा, निसर्गाची नासाडी करणारे अनुदान बंद करा आणि त्यातून हाती येणारा पैसा गरिबांकडे वळवा, असे हे सूत्र आहे. कागदावर ते चांगले आहे आणि आंबेडकरी चळवळीने त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु या देशात कर लावताना गरीब बरोबर आठवतो आणि पैसा वाटताना तोच गरीब विसरला जातो, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. म्हणून हे सूत्र दिल्लीच्या चर्चासत्रात नव्हे तर सातारा-सांगलीच्या मातीत तपासून पाहिले पाहिजे. सुरुवात पाचगणीपासून करू.

वाईहून पसरणीचा घाट चढून वर आले की दांडेघरच्या नाक्यावर पर्यटकांच्या गाड्या थांबतात. नगरपालिका प्रवेशाचा कर घेते, पावती फाडते आणि गाडी टेबललँडकडे निघून जाते. हा पर्यावरणाचा करच म्हणायचा. कारण जो पर्यटक येतो तो कचरा करतो, पाणी वापरतो, धूर सोडतो, आणि त्याने त्याची किंमत मोजलीच पाहिजे. या पैशातून गाव स्वच्छ राहते आणि स्वच्छ सर्वेक्षणात पाचगणीचे नाव देशपातळीवर गाजते. या गोष्टीचा अभिमान वाटायला हरकत नाही. परंतु प्रश्न असा आहे की त्या स्वच्छतेचा खराटा कोणाच्या हातात आहे? महाराष्ट्रातल्या कोणत्याही नगरपालिकेत जा, ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करणारे हात आपल्या समाजाचे किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्या दलित जातींचे असतात. पूर्वी हे कामगार निदान कायम असत. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्यांच्या वारसांना नोकरी मिळे. आता काम ठेकेदाराकडे गेले. ठेक्यावरच्या माणसाला ना वारसा हक्क, ना वेळेवर पगार, ना आजारपणाची रजा. पुरस्कार घ्यायला नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी दिल्लीला जातात, आणि ज्याच्या हाताने पुरस्कार मिळाला तो दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कचरा डेपोवर असतो. पर्यटकाकडून घेतलेल्या कराचा किती हिस्सा या माणसाच्या पगारात जातो, याचा हिशेब नगरपालिकेने चौकातल्या फलकावर लिहावा, एवढी साधी मागणी सुद्धा आपण आजवर जोर लावून केलेली नाही.

केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. कृष्णा, कोयना, वेण्णा यांचा उगम या डोंगरात आहे. इथली झाडे गेली, इथले झरे आटले तर खाली सांगलीपर्यंत त्याचा फटका बसतो. तेव्हा अधिसूचना योग्यच होती. पण अंमलबजावणी कशी झाली? बेकायदेशीर बांधकामांचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, पाडापाडीच्या मोहिमा झाल्या आणि तरीही डोंगराच्या उतारावर बंगले उभे राहिलेच. ज्याच्याकडे वकील आणि वशिला आहे त्याचे बांधकाम नियमित होण्याची वाट पाहते, आणि वस्तीतल्या माणसाला गळक्या घरावर पत्रा बदलायचा असेल तर त्याला मात्र संवेदनशील क्षेत्राचा कायदा वाचून दाखवला जातो. बंदी आणि परवानगी या मार्गाने पर्यावरण राखायचे म्हटले की असे होते. परवानगी विकत घेता येते. म्हणून कराचा मार्ग अधिक सरळ आहे. वर्षातून पंधरा दिवस राहण्यासाठी बांधलेल्या आणि बाकी वर्षभर कुलूप असलेल्या बंगल्यावर घरपट्टी दुप्पट-तिप्पट लावा. कर माणशी घेऊ नका, गाडीच्या आकारावर आणि हॉटेलातल्या खोलीच्या भाड्यावर घ्या. एस.टी.ने येणाऱ्या कामगार कुटुंबाला सूट द्या.

पाचगणीच्या नामांकित निवासी शाळांचीही गोष्ट इथे निघते. शिक्षण हा आयकराच्या कायद्यात धर्मादाय हेतू मानला गेला आहे. वर्षाला लाखो रुपये फी घेणारी शाळा ट्रस्टच्या नावावर चालते आणि त्यामुळे करसवलतीला पात्र ठरते. करसवलत म्हणजे दुसऱ्या नावाने दिलेले अनुदानच. आश्रमशाळेच्या ताटातल्या भातावर खर्च वाढला की अर्थखात्याच्या कपाळाला आठ्या पडतात. या सवलतीकडे मात्र कोणी अनुदान म्हणून पाहत नाही.

शेजारच्या कासच्या पठारावर थोडी वेगळी व्यवस्था बसली आहे. २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत गेले. फुलांच्या हंगामात वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पर्यटकांकडून शुल्क घेतात, आणि गावातल्या तरुणांना त्यातून राखणदारीचे व वाटाड्याचे काम मिळते. शुल्क घेतले, पठार राखले, हाताला काम मिळाले. या व्यवस्थेतही भांडणे आहेत, समितीत कोणाची भावकी बसते हा प्रश्न आहेच. पण गोळा केलेला पैसा त्याच जागी मजुरीच्या रूपाने दिसतो, ही गोष्ट पाचगणीच्या नाक्याहून वेगळी आहे. ‘नवीन महाबळेश्वर’ या नावाने साताऱ्याच्या २३५ गावांत गिरिस्थान उभारायचा आराखडा पुढे आला आहे. तिथे डोंगर विकला जाण्याआधीच विकासशुल्कातला वाटा भूमिहीनांसाठी कायद्याने बांधून घेतला पाहिजे. हॉटेले उभी राहिल्यावर मागणी करून उपयोग नाही.

नाका आणि पाणी यांचा साताऱ्यात एक जुना संबंध आहे. १९०१च्या सुमारास लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवरून बैलगाडीने वडिलांकडे निघाले होते. रात्री डोंगराच्या पायथ्याशी टोलनाका लागला. घशाला कोरड पडली होती. मुलांनी स्वतःची जात लपवून नाकेवाल्याकडे पाणी मागितले, पण त्याने दिले नाही. पाणी हवे असेल तर डोंगरावर जाऊन घ्या, असे सुनावले. ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. टोल घ्यायला सरकारचा माणूस बसलेला होता. तहानलेल्याला पाणी देणे हे मात्र त्याचे काम नव्हते. सरकारी तिजोरीचे आणि आपल्या समाजाचे नाते नेमके काय होते, हे समजायला दुसरे उदाहरण नको.

पुढे हाच मुलगा सार्वजनिक वित्ताचा जाणकार झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रा. सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांना घटनाकार म्हणून पूजणाऱ्या आपल्या समाजाने त्यांचा हा अर्थशास्त्री चेहरा फार कमी वाचला आहे. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीनमहसुलावर बोट ठेवले. आयकर भरणाऱ्याला उत्पन्न झाले नाही तर कर नाही. शेतकऱ्याला मात्र पीक बुडाले तरी सारा आहे, आणि जहागीरदार असो की गुंठाभर जमिनीचा मालक असो, आकारणीचे तत्त्व एकच. ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावे, हे तत्त्व तिथे कुठेच नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळ्याच्या दुरुस्तीचा पैसा सार्वजनिक आणि पाणी मात्र सवर्णांचे, हा अन्याय तिथे होता. आज तळ्याची जागा कालव्याने आणि पंपाने घेतली आहे.

आता सांगली जिल्ह्याकडे वळू. कर लावून निसर्ग आणि गरीब दोघांचेही भले करता येते, याचा देशातला मोठा प्रयोग याच जिल्ह्यात सुरू झाला, ही गोष्ट नव्या पिढीला ठाऊक नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या काही गावांत रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात ही योजना राज्यभर गेली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पैसा कुठून आला? १९७५ साली व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा जी किरकोळ रक्कम कापली जाते ती मुळात खेड्यातल्या मजुरासाठी होती. शिवाय मोटारगाड्यांवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर अधिभार लावला. जितका कर जमेल तितकीच भर सरकारने घालायची, असे ठरले. आणि त्या पैशातून कामे कोणती? पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, वृक्षलागवड. मोटारवाल्याने कर द्यायचा आणि दुष्काळी गावातल्या मजूर बाईने त्या पैशावर माती अडवायची, पाणी जिरवायचे! आज परदेशी तज्ज्ञ ज्याला पर्यावरणीय करसुधारणा म्हणतात ती महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात आणली होती.

मग बिघडले कुठे? दोन ठिकाणी बिघडले. एक, व्यवसाय कर वसूल होत राहिला पण १९९०नंतर रोजगार हमीवरचा खर्च त्या प्रमाणात झाला नाही. मजुरांच्या नावाने गोळा केलेला पैसा तिजोरीत दुसऱ्या कामाला लागला. दोन, आणि हे अधिक महत्त्वाचे आहे, पाझर तलाव बांधला मजुराने पण तलावाखालच्या विहिरीला पाणी आले ते जमीनमालकाच्या. ज्या बौद्ध आणि मातंग बायांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या त्यांच्याकडे विहीर नव्हतीच, कारण जमीन नव्हती. महार वतनाच्या जमिनींची कहाणी वेगळी सांगायला नको. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे ९ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र आहे. २०११च्या जनगणनेत मात्र लोकसंख्येतले त्यांचे प्रमाण १६.६ टक्के आहे. जमिनीच्या मागे पाणी जाते, पाण्याच्या मागे वीज जाते आणि विजेच्या मागे अनुदान जाते. ज्याच्याकडे जमीन नाही तो या सबंध साखळीच्या बाहेर उभा राहतो.

हे किती खोल आहे ते आकड्यातच पाहू. २००४च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने कृषिपंपांना मोफत वीज दिली आणि निवडणूक झाल्यावर पुढच्या सरकारने ती बंद केली. २०२४च्या निवडणुकीआधी ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे वीज फुकट. लाभार्थी शेतकरी सुमारे ४४ लाख, वर्षाचा खर्च सुमारे १४,७६० कोटी रुपये, असे सरकारनेच जाहीर केले. भागाकार करा. एका पंपामागे वर्षाला सरासरी साडेतेहतीस हजार रुपये होतात. आता दुसरी बाजू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एखाद्या भूमिहीन बाईला शंभरच्या शंभर दिवस काम मिळाले, जे सहसा मिळत नाही, तर तिच्या हाती वर्षाला ३१,२०० रुपये येतात. म्हणजे शंभर दिवस उन्हात माती उपसून तिला जे मिळते त्याहून अधिक रक्कम सरकार एका पंपावर खर्च करते. आणि पंप बसवण्याइतकी जमीन तिच्याकडे नाही, एवढाच तिचा अपराध! हे १४,७६० कोटी येतात कुठून? कपड्यावरच्या आणि साबणावरच्या वस्तू व सेवा करातून, एस.टी.च्या तिकिटात लपलेल्या डिझेलच्या करातून. म्हणजे त्या बाईच्याही पदरातून.

फुकट विजेने पर्यावरणाचे काय होते हे वाळवा, मिरज, पलूस भागात जाऊन पाहावे. कृष्णाकाठची काळी कसदार जमीन वर्षानुवर्षे उसाला भरमसाट पाणी पाजून क्षारपड झाली. पांढरी फुटलेली शेते मैलभर दिसतात. महाराष्ट्रात लागवडीच्या ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावर ऊस आहे आणि तो सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवलेले आहे. तरीही उसाला वीज स्वस्त, कालव्याचे पाणी स्वस्त, कारखान्याला सरकारी भागभांडवल, कर्जाला सरकारी हमी आणि इथेनॉलच्या प्रकल्पाला व्याजात सवलत. साखरसम्राटांचे राजकारण या अनुदानांच्या पायावर उभे आहे. आणि तो ऊस तोडायला बीडहून कोयता घेऊन येणारी माणसे कोण? त्यांच्यातही आपली आहेतच. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत आणि तेवढीच भर सरकारने घालावी, असे ठरले तेव्हा कारखानदारांची कुरकुर सुरू झाली. टनामागे दहा रुपये म्हणजे किलोला एक पैसा!

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आपल्यावर शेतकरीविरोधाचा शिक्का मारायला लोक टपलेलेच आहेत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर, माण, खटाव इथल्या शेतकऱ्याची गोष्ट कृष्णाकाठच्या ऊसवाल्याहून निराळी आहे. या तालुक्यांनी पाण्यासाठी लढा दिला. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड आणि गणपतराव देशमुख यांच्या पुढाकाराने १९९३पासून आटपाडीत पाणी परिषदा झाल्या. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना त्या रेट्यातून पुढे सरकल्या. नदीकाठच्याला पाणी उताराने फुकट येते आणि दुष्काळी माणसाला तेच पाणी शेकडो फूट वर उचलून आणावे लागते. त्याचे विजेचे बिल त्यानेच भरावे असे म्हणणे म्हणजे भूगोलाची शिक्षा त्याला देणे आहे. थकलेल्या बिलांपायी या योजना पूर्वी बंद पडल्या आहेत. पुढे ८१ टक्के बिल सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे, असा निर्णय झाला तो रास्तच होता. आमचा आक्षेप त्या ८१ टक्क्यांना नाही. सरकारी पैशाने वर चढवलेले पाणी पुन्हा जमिनीच्या मापाने वाटले जाते, याला आहे. जिथे आठमाही पाण्यात अर्धा तालुका भिजला असता तिथेही थोड्यांचा ऊस उभा राहू लागला, याला आहे.

दुसरा मार्ग नव्हता असे कोणी म्हणू नये. खानापूर तालुक्यातल्या बलवडीला येरळा नदीवर बळीराजा धरण उभे आहे. १९८२च्या गिरणी संपात गावी परतलेले कामगार आणि दुष्काळातले मजूर यांच्यातून डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. ठेकेदार ट्रक भरभरून नदीची वाळू नेत होते. नदी कोरडी पडत होती. चळवळीने विचारले की वाळू गावाची तर पैसा ठेकेदाराचा का? ठेकेदारी थांबवून ठरावीक मर्यादेत वाळू विकली गेली आणि त्या पैशातून धरणाच्या खर्चाला हातभार लागला. पाणी वाटताना हिशेब जमिनीचा नव्हता, घराचा होता. भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा हक्क. तिकडे पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७०च्या दशकापासून हेच केले. पाणी माणशी, भूमिहीनाला वाटा आणि उसाला बंदी. निसर्गाची संपत्ती विकून आलेला पैसा त्याच निसर्गात घालायचा आणि फळ सर्वांना सारखे द्यायचे, याहून चांगली पर्यावरणीय करसुधारणा कोणती? पण २००५ साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला तेव्हा पाण्याचा हक्क पुन्हा जमीनधारकालाच बांधला गेला. भूमिहीनाचा वाटा कायद्याच्या बाहेरच राहिला.

राज्य आणि केंद्र यांनी पर्यावरणाच्या नावाने जे कर लावले त्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला आणि २०१६पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात त्यातून ८६ हजार कोटींहून अधिक रक्कम जमली. स्वच्छ ऊर्जेच्या निधीकडे त्यातले ३० हजार कोटीही गेले नाहीत, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांवर खर्च झाले ते १६ हजार कोटींच्या आसपास. २०१७मध्ये हा उपकर वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकरात विरघळून गेला. कोळशामुळे महागलेल्या विजेचे बिल मात्र झोपडीतल्या एका बल्बवालाही भरत राहिला. महाराष्ट्राने २०१० साली जुन्या वाहनांवर पर्यावरण कर लावला. जुनी गाडी कोण वापरतो? दुसऱ्याने वापरून टाकलेली स्कूटर आणि सेकंडहँड टेम्पो घेऊन पोट भरणारा. तोच राज्य कारभार २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर लावायला निघाला आणि त्याच महिन्यात त्याने माघार घेतली. पर्यावरणाला प्रोत्साहन मिळाले पाहिजे, असे कारण दिले गेले. तीस लाखांच्या मोटारीचे पर्यावरण जपले जाते आणि जुन्या स्कूटरचे वसूल केले जाते. सप्टेंबर २०२५मध्ये साडेसात हजार रुपये भाड्यापर्यंतच्या हॉटेलातल्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. पाचगणीच्या हॉटेलात उतरणाऱ्याला त्याचा फायदा झाला. तिथल्या चादरी धुणाऱ्या बाईला काय मिळाले?

चूल हा विषयही असाच. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, धुरापासून बाईची सुटका करणारी म्हणून गाजली, आणि गॅसच्या टाकीची किंमत चढत गेली तशी रानातली काटकी पुन्हा डोक्यावर आली. दुसरी टाकी परवडली तरच पहिल्या टाकीचे अनुदान सार्थकी लागते.

कराचा पैसा वळवला जाणे हा आपल्या दृष्टीने सर्वात मोठा धोका आहे. अनुसूचित जाती उपयोजनेचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. २०२५ साली लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी वळवले गेले तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. खात्याच्या मंत्र्याची ही गत, तर मोर्च्यातल्या माणसाला कोण विचारतो? आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ साली उपयोजनेच्या निधीला कायद्याचे कुंपण घातले. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा ही मागणी जुनी आहे. पर्यावरणाच्या नावाने उद्या नवा कर आला आणि त्याला असे कुंपण नसेल तर तोही या वाटेने जाईल. इंडोनेशियाने २००५ साली इंधनाचे अनुदान कापले तेव्हा दीड कोटींहून अधिक गरीब कुटुंबांना रोख रक्कम त्याच वेळी हातात दिली. अनुदान आज कापू आणि मदतीचे पुढच्या अर्थसंकल्पात बघू, असे म्हटले नाही. तिथेही याद्यांत घोळ झाले, गावोगाव तक्रारी झाल्या. पण क्रम बरोबर होता. आपल्याकडे क्रम नेहमी उलटा असतो.

आणि मजुरीची हमीसुद्धा आता पूर्वीची राहिलेली नाही. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० वरून १२५ केले हे ढोल वाजवून सांगितले गेले. पण खर्चातला ४० टक्के वाटा बहुतेक राज्यांवर टाकला आणि शेतीच्या ऐन हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा दिली. हंगामात सरकारी काम बंद म्हणजे मजुराने बागायतदाराच्या बांधावर जाऊन तो देईल त्या मजुरीवर राबायचे. तासगावच्या प्रयोगाने मजुराला जी थोडी घासाघीस करण्याची ताकद दिली होती ती काढून घेण्याचा हा प्रकार आहे. राज्याचा ४० टक्के वाटा कुठून येणार? व्यवसाय कर आजही वसूल होतो. तो ज्या कामासाठी लावला होता त्याच कामाला, पै न पै, लावला पाहिजे, ही मागणी करण्याची हीच वेळ आहे.

चळवळीच्या कार्यकर्त्यांना हा विषय रुक्ष वाटेल. स्मारक, आरक्षण, अत्याचार या प्रश्नांवर आपण रस्त्यावर येतो आणि आलेच पाहिजे. परंतु दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा हजारो माणसे तुरुंगात गेली ती जमिनीच्या हिशेबासाठी. आज त्यांच्याच नावाने सबळीकरण योजना आहे. भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची. आणि सरकारी दरात जमीन मिळत नाही म्हणून ती रखडते. साडेसात अश्वशक्तीच्या पंपाला उसासाठी दिलेली फुकट वीज मीटर लावून मोजावी, दुष्काळी आणि अल्पभूधारक शेतकऱ्याची सवलत तशीच ठेवावी, आणि बागायतदाराकडून वाचलेली रक्कम सबळीकरणाच्या जमीनखरेदीत घालावी. उपसा योजनांच्या प्रत्येक लाभक्षेत्रात भूमिहीन कुटुंबाला पाण्याचा कोटा द्यावा. तो त्याने खंडाच्या जमिनीवर वापरावा किंवा दुसऱ्याला द्यावा. ही मागणी मोठी आहे आणि ती एका मोर्च्याने पदरात पडणार नाही.

नगरपालिकेचे काम मात्र लहान आहे. डिसेंबर २०२५मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि प्रशासकांचा लांबलेला कारभार संपला. अंदाजपत्रकाची सभा दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास होते. पाचगणीतल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात तीन गोष्टी लेखी मागाव्यात. प्रवेश कराची गेल्या पाच वर्षांची वसुली, त्यातून सफाईच्या ठेकेदाराला गेलेली रक्कम, आणि त्या ठेकेदाराने कामगारांच्या बँक खात्यात व भविष्य निर्वाह निधीत प्रत्यक्ष भरलेली रक्कम. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही लागत नाही.